डॉक्टर चरड्यांची नऊ गावं

डॉ. उद्धव चरडे आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार झाल्यावर बसले नाहीत. सरळ आत गेले आणि त्यांनी आमचा फ्रिज उघडला. माझी पत्नी पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिला वाटलं, पाहुण्यांना फारच तहान लागली असावी. नागपूरचा मे महिना होता, त्यामुळे तिने त्यांना मनातल्या मनात माफही करून टाकलं. पण डॉक्टरांनी पाण्याच्या बाटलीला हात लावला नाही. त्यांनी तळहात फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवला, मग वरच्या कप्प्याला, मग दाराला, आणि नाडी पाहून झाल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "वैनी, दूध दारात कायले ठेवता? दार म्हनजे अर्धं बाहेरच असते जी. मधल्या कप्प्यात ठेवा."

चार दिवसांनी त्यांनी एक छोटा थर्मामीटर आणून दिला. पुढे कळलं, कॉलनीतल्या बहुतेक घरांत असा एकेक आहे. लग्न, मुंज, वास्तुशांत, कुठल्याही कार्याला डॉक्टरांचा हाच आहेर ठरलेला. एका नव्या नवरीला त्यांनी मांडवातच विचारलं होतं, "सासरचा फ्रिज पाह्यला का?" नवरी लाजली. तिला काय वाटलं कोण जाणे.

खामल्याजवळच्या आमच्या कॉलनीत ते निवृत्त होऊन आले, त्याआधी त्यांची कीर्ती येऊन पोहोचली होती. कीर्तीच्या बाबतीत मी जरा सावध असतो. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेल्यामुळे, सोनेरी अक्षरांची जाड पुस्तकं सगळ्यात कमी उघडली जातात, हे मला ठाऊक आहे. कीर्ती अशी होती: काटोलकडच्या एका संत्र्यांच्या बागाईतदाराचा मुलगा नागपुरात डॉक्टर झाला, एका आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या नोकरीत मलावीला गेला, आणि मग झांबिया, टांझानिया, लेसोथो असं करत करत शेवटी अर्धा डझन देशांच्या लसीकरणाचा प्रमुख झाला. मंत्री त्यांची वेळ मागून भेटायला येत, म्हणे. अशा माणसाच्या दिवाणखान्यात लाकडी मुखवटे, ढाली, मंत्र्यांबरोबरचे फोटो असणार, अशी तयारी ठेवून मी त्यांच्याकडे गेलो. तिथे एक सोफा होता, एक कूलर होता, आणि भिंतीवर काटोलच्या एका खतांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. मी जरा निराशच झालो. टीका करायला काहीतरी लागतं.

माणूस बुटका, काळासावळा, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट. इतकी वर्षं इंग्रजीत सभा चालवूनही नागपूरला उतरल्या उतरल्या त्यांनी जिभेवर काटोल परत बसवलं होतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ मोहोड यांना त्याचा मनापासून त्रास होई. एवढा मोठा माणूस, आणि 'मले-तुले' बोलतो! स्वतः राजाभाऊही तसंच बोलत, पण ते काही आफ्रिकेत प्रमुख नव्हते.

"डॉक्टरसाहेब, आफ्रिकेत सिंह तं लय पाह्यले असतीन?" राजाभाऊंनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"मीटिंगा पाह्यल्या," डॉक्टर म्हणाले. "सिंह एकदा खाते न् झोपते. मीटिंगीचं तसं नाई."

आणि कुणी 'आफ्रिकेत कसं असतं हो?' असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "कोन्त्या आफ्रिकेत? खामल्यात कसं असते न् बुल्डीवर कसं असते, हे तुमाले एका वाक्यात सांगता येते का?"

त्यांची काम करण्याची एक रीत होती आणि ती त्यांना फार प्रिय होती. कुठल्याही जिल्ह्यात गेले की पहिला दवाखाना पाहायचा नाही. ड्रायव्हरला सांगायचं, रस्ता संपेपर्यंत चल. जिथे गाडी पुढे जाऊ शकत नाही, तिथून चालत जे शेवटचं आरोग्य केंद्र लागेल ते आधी पाहायचं आणि मग उलटं राजधानीकडे यायचं. "पैल्या केंद्रात रांगोळी राह्यते," ते म्हणत. "शेवटच्या केंद्रात खरं राह्यते." नागपुरातही हा माणूस भाजी घ्यायला गेला की ओळीतल्या शेवटच्या बाईपर्यंत चालत जाई आणि तिच्याकडची सुकलेली मेथी घेऊन परत येई. त्यावर त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी म्हणत, "यांच्या नादात पूर्ण आयुष्य आम्ही शेवटची भाजी खाल्ली."

समारंभांशी त्यांचं जुनं भांडण होतं. एका देशात, नाव ते सांगत नसत, लसी साठवण्याच्या मोठ्या शीतगृहाचं उद्घाटन होतं. लसींचा ट्रक सकाळीच येऊन उभा राहिला. मंत्री यायचे होते दुपारी, आणि फीत कापल्याशिवाय दार उघडायचं नाही असा अधिकाऱ्यांचा हट्ट. डॉक्टरांनी इमारतीला एक फेरी मारली. इमारतीच्या मागे एक दार होतं, त्याला फीत नव्हती. त्या दाराने सगळी लस आत गेली, ट्रक निघून गेला. दुपारी मंत्री आले, बँड वाजला, फीत कापली गेली, आणि मंत्र्यांनी आत पाऊल ठेवून विचारलं, "अरे, हे तर आधीच भरलेलं आहे?" डॉक्टर म्हणाले, "सर, उद्घाटन दाराचं आहे."

ही गोष्ट ऐकल्यावर मी त्यांच्याकडे रोज संध्याकाळी जाऊ लागलो.

एका सोमवारी मात्र मी त्यांचा वेगळाच चेहरा पाहिला. आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीत चौकीदार शंकर रोज क्लोरीन टाकतो आणि वहीत वेळ लिहून सही करतो. ही वहीसुद्धा डॉक्टरांनीच सुरू करायला लावलेली. त्या दिवशी ती चाळताना ते थांबले. सोमवारखाली मंगळवारची सही होती. बुधवारचीही होती.

"शंकर, उद्याची सही आज काहून केली गा?"

"साहेब, मले दोन दिवस गावाले जायचं हाये," शंकर म्हणाला. "वही कोरी राह्यली तं मोहोडसाहेब बोंबलते."

मला वाटलं, आता शंकरचं काही खरं नाही. पण डॉक्टर रागावले नाहीत. ते तिथल्याच कट्ट्यावर बसले, वही मांडीवर तशीच उघडी. मग शंकरला म्हणाले, "तू जा गावाले. दोन दिवस मी टाकतो क्लोरीन. पन कोरी राह्यली तं राहू दे, बापा. कोऱ्याची भीती नाई." आणि मला म्हणाले, "चला जी. तुमाले एक सांगायचं हाये. हे कुसुमशिवाय कोनाले सांगितलं नाई."

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मलावीतला एक जिल्हा. जिल्ह्याच्या इस्पितळात लसींचं भांडार, आणि त्याचा भांडारपाल मिस्टर म्वाले. हा म्वाले म्हणजे उन्हाळ्यातही टाय लावणारा, अक्षर छापल्यासारखं, आणि पूर्ण देशात सगळ्यात नीटनेटकी कागदपत्रं ठेवणारा माणूस. भांडारात गॅसवर चालणारा फ्रिज होता. त्याच्या दारावर तक्ता लावलेला, त्यावर दिवसातून दोनदा तापमान लिहायचं. एका गुरुवारी डॉक्टर तिथे पोहोचले आणि त्यांनी तक्ता पाहिला. सकाळी चार, संध्याकाळी चार. सकाळी चार, संध्याकाळी चार. शुक्रवारी चार. शनिवारी चार. रविवारीही चार.

"आज गुरुवार हाये, आन् फ्रिजाले रविवारचं मालूम!" डॉक्टर मला सांगताना हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

म्वालेने सगळं कबूल केलं. तक्ता कोरा दिसला की राजधानीतून कडक पत्र येई, म्हणून बाहेर जायचं असलं की तो पुढचे आकडे लिहून जाई. दोन आठवड्यांपूर्वी त्याची आई वारली. तो तीन दिवस गावाला गेला, जाताना तीन दिवसांचे आकडे भरून गेला. परत आला तेव्हा गॅसचं सिलिंडर संपलेलं होतं, फ्रिजची ज्योत विझलेली होती. कधी विझली? पहिल्या दिवशी की तिसऱ्या? तक्त्यावर तर सगळीकडे चार होतं. त्याने नवं सिलिंडर लावलं, फ्रिज पुन्हा गार केला. आणि पुढच्या आठवड्यात त्याच फ्रिजातली गोवराची लस नऊ गावांतल्या बाळांना टोचली गेली.

"गोवराची लस गरम झाली का मेली," डॉक्टर म्हणाले. "दिसायले तशीच दिसते. टोचली जाते, पोरगं रडते, माय खूश होऊन घरी जाते. आन् आत नुसतं पानी. आता बाटलीवर निशानी राह्यते, गरम झाली तं रंग बदलते. तवा नव्हती."

उपाय सोपा होता, त्या नऊ गावांत पुन्हा लस टोचायची. डॉक्टरांनी त्याच दिवशी राजधानीला पत्र लिहिलं. आणि निघताना, रागाच्या भरात, म्वालेला एक हुकूम दिला: लेखी आदेश आल्याशिवाय लसीच्या एकाही बाटलीला हात लावायचा नाही.

अकरा दिवसांनी डॉक्टरांची बढती झाली. दुसरा देश, मोठी खुर्ची. ताबडतोब रुजू व्हायचं होतं. ते रुजू झाले.

"मग?" मी विचारलं.

"मंग काई नाई."

पत्राचं उत्तर आलं नाही. लेखी आदेश गेला की नाही, माहीत नाही. एकदोन वर्षांनी एका अहवालात त्यांनी वाचलं, त्या भागात गोवराची साथ येऊन गेली. अहवालात गावांची नावं नव्हती.

"तुम्ही विचारलं नाही?"

"पैल्या वर्षी कामात होतो. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. मंग मोठा साहेब झालो. विचारलं असतं तं उत्तर आलं असतं जी. म्हनूनच नाई विचारलं."

हा माणूस अर्धा डझन देशांना शेवटपासून सुरुवात करायला शिकवत होता, आणि त्याची स्वतःची नऊ गावं मागेच राहिली होती. त्यांच्या फ्रिज उघडण्याला आम्ही पूर्ण कॉलनी हसायचो. त्या संध्याकाळपासून मी हसलो नाही.

हे सगळं तसंच राहिलं असतं, पण राजाभाऊ मोहोडांना सत्कार सुचला.

डॉक्टरांना पंचाहत्तर पूर्ण होऊन बरेच दिवस झाले होते, पण राजाभाऊंचं म्हणणं, सत्काराला मुहूर्त लागत नाही, हॉल लागतो. फ्लेक्सचा नमुना ते आधीच घेऊन आले. मधोमध डॉक्टर, डावीकडे सिंह, उजवीकडे जिराफ, आणि वर 'आफ्रिकारत्न'. जिराफाची मान डॉक्टरांच्या डोक्यावरून पलीकडे गेली होती. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. "तुम्ही इतली पुस्तकं पाह्यली," राजाभाऊ म्हणाले, "एक मानपत्र तं सहज लिहान." 'पाह्यली' हा शब्द त्यांनी विचारपूर्वक वापरला असावा.

डॉक्टर नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. ते हो म्हणाले, पण एका अटीवर.

"मानपत्रात थ्या नऊ गावांचं लिहा."

राजाभाऊंना आधी सगळं सांगावं लागलं. ऐकून त्यांचा चेहरा पडला. "डॉक्टरसाहेब, मानपत्रात चूक कोन लिहिते जी? अशी गोष्ट तं मानूस मेल्यावर शोकसभेत बी सांगत नाई!"

"मंग सत्कार नको."

"हॉल बुक केला ना, बाप्पा!"

"मंग लिहा."

राजाभाऊ माझ्याकडे पाहू लागले. मी आयुष्यात धाडसाचं एकच काम करत आलो आहे, अपुरी नोंद न स्वीकारण्याचं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी लिहीन. पण काय लिहू? नऊ गावांचं काय झालं हे तुम्हालाच ठाऊक नाही. आधी विचारा, मग लिहितो. जे असेल ते लिहितो."

मग आतून कुसुमवहिनी आल्या. त्या फारशा बोलत नाहीत, आणि बोलल्या की बसून बोलत नाहीत.

"विचारा एकदाचं," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "लोकायचे फ्रिज किती दिवस उघडसान? पोरं गेली असतीन तं दोघं मिळून रडू. पन विचारा."

शोधायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत, हे मला सगळ्यात विचित्र वाटलं. पस्तीस वर्षं जे आफ्रिकेइतकं दूर होतं ते एका ईमेलइतकं जवळ निघालं. त्या इस्पितळाच्या आजच्या भांडारपालाने उत्तर पाठवलं: म्हातारे म्वाले आहेत, आमच्याच चर्चमध्ये येतात, हा त्यांचा नंबर. डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर निरोप लिहिला. चार ओळींचा निरोप लिहायला त्यांना सकाळपासून जेवणापर्यंत वेळ लागला. उत्तर आलं, 'रविवारी, चर्चनंतर.' बस, तेवढंच.

रविवारपर्यंतच्या तीन दिवसांत डॉक्टरांनी वरण-भाताशिवाय काही खाल्लं नाही, आणि माझ्याशी ते फक्त क्रिकेटबद्दल बोलले, ज्यातलं आम्हा दोघांनाही काही कळत नाही.

रविवारी मी गेलो तेव्हा त्यांनी टाय लावला होता. नागपूरच्या उन्हाळ्यात घरात बसून टाय! फोन पुस्तकांच्या आधाराने उभा केला होता. ठरलेल्या वेळी घंटी वाजली, आणि पडद्यावर एक अगदी बारीक, पांढऱ्या केसांचा म्हातारा दिसला. त्यानेही टाय लावला होता.

पहिली दोन मिनिटं दोघंही नुसतंच एकमेकांना "ऐकू येतं का?" असं ओरडून विचारत होते. पुढचं इंग्रजीत झालं. एकाचं काटोलचं इंग्रजी, दुसऱ्याचं तिकडचं, पण त्यांना एकमेकांचं बरोबर कळत होतं.

डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. "मिस्टर म्वाले, मी ते पत्र लिहिलं होतं. आदेश आला होता का?"

"नाही, डॉक्टर सर."

डॉक्टरांनी डोळे मिटले. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"नाही आला," म्वाले पुन्हा म्हणाले. "आणि सर, मला तुमची क्षमा मागायची आहे. तुम्ही सांगितलं होतं, लेखी आदेशाशिवाय बाटलीला हात लावू नको. मी तीन आठवडे थांबलो. मग मी हात लावला."

"काय?" डॉक्टर म्हणाले.

म्वालेंची बायको त्याच इस्पितळात नर्स होती, आणि बायकोचा भाऊ शेजारच्या जिल्ह्यात भांडारपाल. मेहुण्याने आपल्या साठ्यातली लस दिली, कुणाला न विचारता. दर रविवारी, चर्च सुटल्यावर सगळ्या आया एका ठिकाणी सापडतात, तेव्हा म्वाले सायकल चालवत आणि बायको मागे कॅरिअरवर, मांडीवर बर्फाची पेटी घेऊन. एका रविवारी एक गाव. नऊ रविवार.

"शेवटच्या गावापासून नाही सुरुवात केली, सर," ते घाईघाईने म्हणाले. "जवळच्या गावापासून केली. मला सायकल नीट येत नव्हती."

डॉक्टरांनी विचारलं, आणि तो प्रश्न अर्धा डझन देशांच्या प्रमुखाचा होता: "कुठे लिहिलेलं आहे?"

"कुठेच नाही, सर. काय लिहिणार? लस दुसऱ्या जिल्ह्याची, आदेश नव्हता. लिहिलं असतं तर मेहुण्याची नोकरी गेली असती."

म्हणजे पुन्हा शब्दच. ज्याने न आलेल्या रविवारचं तापमान लिहिलं होतं, त्याचाच शब्द. हा प्रश्न डॉक्टरांच्याही मनात आला असणार, कारण ते म्हणाले, "मिस्टर म्वाले, मला एकेक गाव सांगा."

म्वालेंनी सांगितलं. पहिल्या गावात कुणी आलंच नाही, कारण तिथे त्या दिवशी लग्न होतं. मग ते लग्नातच गेले आणि मांडवात लस टोचली. दुसऱ्या गावात एका बाईने बाळ द्यायला नकार दिला, त्यांच्या बायकोने तिच्याशी तासभर भांडण केलं, आणि शेवटी दोघी रडल्या. तिसऱ्यात काय झालं ते त्यांना आठवेना. चौथ्यात सायकलची साखळी तुटली, परत यायला रात्र झाली. पाचव्यात बर्फ कमी पडला, म्हणून अर्धी पोरं पुढच्या रविवारी. म्हणजे नऊ नव्हे, दहा रविवार झाले, सर, आत्ता आठवलं. सातव्यात मुखियाने आधी म्वालेंच्या स्वतःच्या, बायकोच्या पाठीला बांधलेल्या बाळाला टोचून दाखवायला लावलं. एका गावात त्यांना भोपळा खायला घातला, तो इतका होता की सायकलवर दोघांनाही बसवेना. मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. त्या पडद्यात नव्हत्या, पण भोपळ्याचं गाव ते नव्हे, दुसरं होतं, असं ओरडून सांगत होत्या. त्यावर दोघांचं त्यांच्या भाषेत भांडण सुरू झालं.

डॉक्टर हलकेच माझ्याकडे वळले. "खरं हाये," ते काटोलच्या बोलीत म्हणाले. "खोटं असतं तं चार, चार, चार आलं असतं."

"गोवर?" त्यांनी फोनकडे तोंड करून विचारलं. "साथ आली तेव्हा?"

"आली होती सर. आजूबाजूला फार वाईट झालं. आमच्या गावांत चारपाच पोरांना आला. सगळी वाचली. त्यातली एक आता आमच्या चर्चमध्ये गाते. फार बेसूर गाते."

"तुम्ही मला कळवलं का नाही?"

"तुम्ही मोठे साहेब झाला होता, सर. मी तुमचा हुकूम मोडला होता. मला वाटलं, तुम्ही कधीतरी विचाराल, तेव्हा कबूल करीन." म्वाले म्हणाले, "दर वर्षी वाट पाहिली. भीतीच होती."

दोन म्हातारे, दोन खंडांवर, पस्तीस वर्षं एकमेकांना घाबरून बसले होते. एकाला वाटत होतं, आपला हुकूम पाळला गेला असेल. दुसऱ्याला वाटत होतं, आपण तो मोडल्याचं कळेल.

फोन बंद झाल्यावर डॉक्टरांनी टाय सोडला आणि टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "कुसुम, भूक लागली वं." वहिनी आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने, भांड्यांच्या आवाजात मिसळून, नाक ओढल्याचाही. त्या दिवशी झुणका-भाकर आणि भिवापूरच्या मिरचीचा ठेचा होता. डॉक्टरांनी चार भाकरी खाल्ल्या, वयाचा विचार न करता. मी तिसरीपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडून दिलं. मलाही वाढलं होतं.

मानपत्रात मी ते सगळं लिहिलं. डॉक्टरांचं नाव त्यात दोनदा आलं, म्वालेंचं सहा वेळा. राजाभाऊंनी आधी विरोध केला ("या परक्या मानसाचा सत्कार आपन कायले करून राहिलो?"), मग सायकलच्या साखळीपर्यंत आल्यावर ते वाचतच राहिले, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "हे म्वाले तिथं आदिवासी बिदिवासी हायेत का?" डॉक्टर म्हणाले, "थ्यो भांडारपाल हाये."

समारंभ झाला. जिराफ होता. हॉलच्या पंख्यांचा आवाज भाषणांपेक्षा मोठा होता, म्हणून श्रोत्यांची सोय झाली. मानपत्र राजाभाऊंनी स्वतः वाचलं, आणि माझ्या प्रत्येक नामाआधी एक विशेषण घातलं. सायकलसुद्धा 'ऐतिहासिक' झाली. पण नवव्या गावापाशी त्यांचा आवाज अडखळला, हे मी ऐकलं, आणि त्याबद्दल त्यांना बरंच माफ केलं. उत्तराला डॉक्टर उठले. "माझ्या हाताखालच्या मानसानं माझा हुकूम मोडला," ते म्हणाले, "म्हनून मी आज तुमच्यासमोर तोंड दाखवून राहिलो. शाल त्याले नेऊन देतो." आणि बसले. आमच्या मंडळाच्या इतिहासातलं हे सगळ्यात छोटं भाषण. टाळ्या कधी वाजवायच्या ते लोकांना कळेना, म्हणून त्या बराच वेळ वाजल्या.

शाल नेऊन देणं हा बोलण्याचा अलंकार नव्हता. दहा दिवसांनी त्यांचं तिकीट होतं. मुंबईवरून, दोन ठिकाणी विमान बदलून. वहिनींनी बरोबर जायला साफ नकार दिला. "माफी तुमाले मागायची हाये, मी कायले येऊ?" पण बॅग त्यांनीच भरली. त्यात शालीखाली मिरची पुडीचं पाकीट, संत्रा बर्फीचे दोन डबे आणि म्वालेंच्या बायकोसाठी एक पातळ होतं. ते पातळ निवडायला त्या दोनदा बुल्डीच्या बाजारात जाऊन आल्या होत्या.

निघायच्या सकाळी वहिनी आणि मी त्यांना विमानतळावर पोहोचवायला गेलो. वहिनी दारापर्यंत सूचना देत होत्या. बीपीची गोळी, स्वेटर, तिथे पोहोचल्यावर फोन, कोणाच्या स्वयंपाकघरात शिरायचं नाही. डॉक्टर "हो वं, हो वं" म्हणत होते आणि ऐकत नव्हते. मग ते आत गेले आणि आम्ही काचेला टेकून उभे राहिलो. तपासणीपाशी त्यांना पट्टा काढायला लावला. एका हाताने पँट सावरत ते दुसऱ्या हाताने त्या जवानाला काहीतरी मोठं, गोल, भोपळ्याएवढं करून दाखवत होते. जवान आधी गंभीर होता. मग तो हसला, शेजारच्यालाही त्याने काहीतरी सांगितलं, आणि तिघं हसले. डॉक्टरांनी पट्टा हातातच गुंडाळला, बॅग उचलली आणि भराभर चालत आत गेले, मुलासारखे, गर्दीतून वाट काढत.

वहिनी निरोपाचा हात वर करून उभ्या होत्या. तो त्यांनी खाली घेतला.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "एकदा बी मागं वळून पाह्यलं नाई."

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून ऑटो पाहायला निघाल्या.